बिबटेराव प्राणीहक्क अभ्यास केंद्र

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. साग होता, ऐन होता, उंबर होता. बारमाही पाण्याचा एक डोह होता. फक्त विद्यापीठ तेवढं नव्हतं. शेजारच्या जंगलात झालं म्हटल्यावर मग इथेही झालं.

ह्या जंगलात जांभी नावाची एक भेकरी राहत होती. भेकर तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. हरणाच्या जातीतलं, शेळीएवढं, जांभ्या दगडाच्या रंगाचं जनावर. अंगात ताकद नाही, शिंगांत जोर नाही. पण गळा असा, की बिबट्या दिसला रे दिसला की कुत्र्यासारखं खणखणीत ओरडतं. ती हाक ऐकली की वानरं शेंड्यावर जातात, चितळं पळतात, मोर उडतात. जंगलात कुणी कुणाचं काही लागत नाही, पण भेकराची हाक सगळ्यांची असते.

आता ही गोष्ट बिबट्यांना कशी आवडावी? तिथे बिबटेराव नावाचे एक मानकरी होते. उंबराच्या डोहाशी त्यांची रोजची बैठक. त्यांनी महाराणी वाघिणीच्या दरबारात तक्रार केली.

"भेकरांच्या ओरडण्यानं डोहावरची शांतता भंग पावते," ते म्हणाले. "आणि माझ्या जेवणाचा खोळंबा होतो."

महाराणी म्हाताऱ्या झाल्या होत्या. दुपारची झोप मोडू नये, एवढीच त्यांची राज्याकडून अपेक्षा उरली होती. त्यांनी हुकूम काढला. डोहाच्या परिसरात कुणीही ओरडायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात जांभीची आई डोहावर पाणी प्यायला गेली. तिच्या मागे कोण दबा धरून बसलंय, हे पलीकडच्या काठावरच्या भेकरांना स्वच्छ दिसत होतं. ती सगळी गप्प राहिली. हुकूम होता ना.

पोरक्या जांभीला तिच्या मावशीनं वाढवलं. तिचं नाव हिरडी. हिरडी मावशीच्या जिभेला हाड नव्हतं, पण जांभीवर तिचा फार जीव. स्वतः पाण्याला जायच्या आधी ती जांभीला पाठवत नसे. आधी आपण जायचं, आपण परत आलो तर मग पोरीला पाठवायचं, असा तिचा हिशेब होता. जांभीला तो कळत होता, आणि मावशी परत येईपर्यंत ती वाटेकडे डोळे लावून उभी राही.

अशात बातमी आली, की विद्यापीठात प्राण्यांच्या हक्कांचं अभ्यास केंद्र निघतंय. हक्कांवर संशोधन होणार, हक्क शिकवले जाणार. केंद्राला जागा हवी होती. बिबटेरावांनी उदार मनानं आपली एक गुहा दिली. वर स्वतःचं नावही दिलं. उद्‌घाटनाची वेल त्यांनी आपल्या नखांनी तोडली. शोषितांविषयी बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शोषित समोरच बसले होते, त्यामुळे तोंडालाही पाणी सुटलं. टाळ्या मात्र जोरात झाल्या.

हिरडी मावशी टाळ्या वाजवणाऱ्यांतली नव्हती. पण ती जांभीला म्हणाली, "जांभे, तू जा तिकडं. शीक. आपल्याला एकच हक्क पायजे, डोहावर वरडायचा. तेवढा घिऊन ये. बाकीचे त्यांच्यापाशीच ऱ्हाऊ देत."

जांभी गेली.

केंद्राचे संचालक होते डॉक्टर धनेश. धनेश पक्ष्याला चोचीवर आणखी एक शिरटोप असतो. तो दिसायला भारदस्त आणि आतून पोकळ असतो. मुलांनो, हा प्राणिशास्त्राचा भाग आहे, टोमणा नव्हे. धनेशांच्या घराण्यात आणखी एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर काय चाललंय ते बघत नाही.

"माझा जन्म बंद दाराआड झाला," धनेश सर अभिमानानं सांगत. "खरं काम बंद दाराआडच होतं."

म्हणून त्यांनी गुहेला जाड सागवानी दार बसवून घेतलं होतं. तास चालू असताना बाहेर काही ओरडाआरडा झाला, की सर शिकवता शिकवता नुसतं म्हणत, "दार." जो जवळ असेल तो उठून दार लावून घेई. मग पुढचा मुद्दा. पहिल्या महिन्यातच मुलांना ही सवय होऊन जाई. शहाणी मुलं तर सरांनी म्हणायच्या आधीच उठत.

पहिलं वर्ष 'हक्क म्हणजे काय' ह्यात गेलं. वर्षअखेरीस सर्वांचं ह्यावर एकमत झालं, की निश्चित सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी कर्तव्यं होती. ती सक्तीची होती. हक्क ऐच्छिक होते, आणि पुरेसे विद्यार्थी आले नाहीत म्हणून ते त्या वर्षी शिकवले गेले नाहीत.

जांभीनं एकदा भीत भीत विचारलं, "सर, ओरडायचं कधी शिकवणार?"

"ओरडणं हे उपयोजित झालं," सर म्हणाले. "आपण सैद्धांतिक आहोत."

सरांच्या हाताखाली साळुंकी मॅडम होत्या. दुसऱ्यांनी बोललेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून त्या विदुषी समजल्या जात. स्वतःचं एक वाक्य त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या, आणि त्यामुळे त्यांची कधी चूकही झाली नव्हती. त्यांनी डोहावरच्या भेकरांची पाहणी हाती घेतली. प्रश्न एकच होता. 'बिबट्याने खाल्ल्यावर आपणांस कसे वाटले? बरे, वाईट, की सांगता येत नाही?'

खाल्लेल्या भेकरांकडून उत्तरं आली नाहीत. त्यांच्यापुढे 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं गेलं. उरलेल्यांनी आपल्याला अजून खाल्लेलं नसल्याचं कळवलं. मग पहिला निष्कर्ष निघाला. उत्तर देणारी झाडून सगळी भेकरं जिवंत आढळली, सबब परिस्थिती एकंदरीत समाधानकारक आहे.

'प्रतिसाद नाही' ह्यात जांभीची आई होती. ते वाचून जांभीला रडू आलं.

"नवीन असताना होतं असं," साळुंकी मॅडम मायेनं म्हणाल्या. तेही कुणीतरी आधी म्हटलेलं होतं.

जांभी सुट्टीत घरी गेली, की मावशी तिला एकच विचारी, "आनलास का?"

"अजून नाही, मावशी. आधी संकल्पना स्पष्ट करायची असते."

"तहान लागल्यावर विहीर खणनारे बघितले," मावशी म्हणाली. "ह्ये तर नुसतं विहीर म्हंजी काय ते इचारत बसल्यात."

शेवटी मावशीनं स्वतःच कंबर कसली. ती थेट दरबारात गेली आणि महाराणींच्या पायरीशी जाऊन बसली. ऊठ म्हटलं तरी उठेना. महाराणींच्या झोपेची वेळ टळत चालली. त्या कंटाळून म्हणाल्या, "ओरडा बापड्यांनो. मला काय त्याचं? पण एवढं विद्यापीठ काढलंय, त्यांना एकदा विचारा. त्यांनी हो म्हटलं की हुकूम मागे."

बघा मुलांनो, किती सोपं झालं. हक्कांच्या केंद्रानं फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. जांभी ही बातमी घेऊन अशी धावत सुटली, की वाटेत तिचे पाय जमिनीला लागले नसतील. तिनं धनेश सरांना सगळं सांगितलं आणि 'हो' ऐकायला कान टवकारून उभी राहिली.

सरांची चोच उघडी ती उघडीच राहिली.

"हो म्हणायचं?" ते म्हणाले. "अगं, पाहणी अर्धी झालीय. भेकरं ओरडली तर बिबटेराव डोहावर येणार नाहीत. ते आले नाहीत तर हक्कांचं उल्लंघन होणार नाही. उल्लंघनच झालं नाही तर आपण अभ्यास कशाचा करायचा?"

"पण सर, भेकरं जगतील."

"जगू देत की. माझं काहीच म्हणणं नाही. पण तो आपल्या प्रकल्पाचा विषय नाही."

केंद्रानं दरबाराला आपलं मत कळवलं. प्रश्न गुंतागुंतीचा आहे. अभ्यास पूर्ण होईपर्यंत डोहावरची स्थिती आहे तशीच ठेवावी. महाराणींना 'गुंतागुंतीचा' हा शब्द फार आवडला. हुकूम कायम राहिला.

जांभी त्या दिवशी केंद्र सोडून जाणार होती. पण सरांनी तिला बोलावून घेतलं आणि डोहावर निरीक्षक म्हणून नेमलं. तिथलीच आहे, तिला सगळे ओळखतात, पाहणी चांगली होईल. शिवाय पदवी जवळ आली होती. पदवी मिळाली की आपलं म्हणणं दरबारात कुणीतरी ऐकेल, असं जांभीला वाटलं. शिकलेल्यांना असं वाटत असतं. ती थांबली.

"लक्षात ठेव," सरांनी बजावलं. "निरीक्षकाला डोळे असतात, गळा नसतो."

जांभी काठावरच्या खडकावर उभी राहू लागली. डोक्यावर उंबराच्या फांदीवर धनेश सर आणि साळुंकी मॅडम बसत. कडक उन्हाळा होता. पाणी फक्त ह्या एका डोहात उरलं होतं.

एका संध्याकाळी हिरडी मावशी पाण्याला आली. रोज ती दहादा मागे वळून बघे, एक घोट घेई, पुन्हा बघे. त्या दिवशी तिनं समोर खडकावर जांभीला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. पोरगी काठावर हाय म्हंजी आता काय भ्यायचं, असं मनाशी म्हणत तिनं मान खाली घातली आणि निवांत पाणी प्यायला लागली. कितीतरी उन्हाळ्यांत तिनं असं पाणी प्यायलं नव्हतं.

आणि तिच्या मागच्या करवंदीच्या जाळीत जांभीला दोन कान दिसले.

कान पुढे सरकले. पाठोपाठ ठिपके सरकले. बिबटेरावांनी पोट जमिनीला टेकवलं.

"अप्रतिम," फांदीवरून धनेश सर कुजबुजले. "नीट बघ, जांभी. सगळं लिहून काढायचंय. हलू नकोस."

केंद्रात शिकलेलं सगळं जांभीच्या डोक्यात गर्दी करून आलं. निरीक्षकाला गळा नसतो. विषय गुंतागुंतीचा आहे. दुसरी बाजूही समजून घ्यावी. हुकूम आहे. पदवी जवळ आली आहे. पलीकडच्या काठावर काही भेकरं उभी होती. त्यांनाही कान दिसले होते. ती गप्प होती. तिच्या आईच्या वेळी होती तशीच.

मावशीनं एकदाही वर पाहिलं नाही. एवढा तिचा भरवसा होता.

जांभी ओरडली.

ती काही विचार करून ओरडली नाही, मुलांनो. हाक आतून आली आणि बाहेर पडली, तिला कोणी परवानगी विचारली नाही. मावशीनं पाण्यातूनच उडी घेतली. वानरं शेंड्यावर गेली, चितळं उधळली. बिबटेरावांचा पंजा पाण्यात पडला आणि चिखल त्यांच्या मिशांवर उडाला. सगळ्यांच्या आधी उडाले ते धनेश सर. हाकेची व्याख्या त्यांनी त्या वेळी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी दार लावून चौकशी केली. जांभीवर तीन ठपके होते. तिनं पाहणीत हस्तक्षेप केला. मावशीला मावशीच्या पूर्वसंमतीशिवाय माहिती पुरवली. आणि बिबटेरावांच्या उपजीविकेच्या हक्कावर गदा आणली. तिसरा ठपका साळुंकी मॅडमनी दोनदा वाचला. जांभीला केंद्रातून काढून टाकलं.

ती खाली मान घालून घरी आली.

"काय म्हन्ले?" मावशीनं विचारलं.

"काढून टाकलं."

"आन पदवी?"

"नाही मिळाली."

मावशीनं तिच्या कपाळावर आपलं कपाळ घासलं. "मी हाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग झालं तर."

त्या संध्याकाळनंतर सगळीच भेकरं ओरडायला लागली. हुकूम होताच. तो कोणी मागे घेतला नाही. बिबटेराव तक्रार घेऊन गेले, तेव्हा महाराणी म्हणाल्या, की मला अलीकडे नीट ऐकू येत नाही. एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

बिबटेराव वाळले. फासळ्या दिसायला लागल्या. ते एका पडक्या खडकाखाली बसून राहू लागले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघत, की दगडालाही पाझर फुटावा. दगडाला फुटला नाही, केंद्राला फुटला. भेकरं ओरडायला लागल्यापासून केंद्राला विषयच उरला नव्हता. धनेश सरांना आता नवा विषय सापडला. 'हाकेने विस्थापित झालेल्या शिकाऱ्यांचे हक्क.' बिबटेरावांना मानद निवासी प्राध्यापक नेमण्यात आलं. ज्यांनी गुहा दान दिली, ते त्याच गुहेत सन्मानानं परत राहायला आले.

विद्यार्थी त्यांची मुलाखत घ्यायला एकेकटे आतल्या दालनात जाऊ लागले. विषय होता भूक. बिबटेराव अगदी मनापासून बोलत. काही विद्यार्थी परत आलेच नाहीत. त्यांच्या नावापुढे साळुंकी मॅडमनी 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं. बिबटेरावांच्या अंगावर पुन्हा मांस चढू लागलं, तेव्हा पुनर्वसनाचा प्रयोग यशस्वी झाल्याचं सरांनी जाहीर केलं.

मग बिबटेरावांचं जाहीर व्याख्यान ठरलं. सगळं केंद्र गुहेत जमलं. पुढे अध्यापक, मध्ये पदवीधर, आणि दाराशी त्याच आठवड्यात दाखल झालेली नवी मुलं.

समोरच्या उतारावर जांभी आणि हिरडी मावशी चरत होत्या. दार उघडं होतं, त्यातून आतलं दिसत होतं. बोलता बोलता बिबटेरावांनी पुढचे पाय जवळ घेतले. शेपटीचं टोक हलायला लागलं. खांदे खाली गेले. असे खांदे जांभीनं एकदा डोहावर पाहिले होते.

तिनं मान वर केली.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "आपल्या येळंला ती गप बसली."

"डोहावरची भेकरं गप्प बसली म्हणून आई गेली, मावशी."

"ती आपली भेकरं व्हती. ह्यांचं आपन काय लागतो?"

"काही नाही," जांभी म्हणाली. "पण दिसलंय मला."

आणि ती ओरडली. डोहावर ओरडली होती त्याहून मोठ्यानं.

नवी मुलं होती ती क्षणात दाराबाहेर पडली. त्यांचं अजून काहीच शिकून झालं नव्हतं. ससे झुडपांत गेले, खारी झाडांवर गेल्या. जांभी पुन्हा ओरडली. मधल्या रांगेतले काही पदवीधर अर्धवट उठले होते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि एकदा सरांकडे.

धनेश सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. इतकं मोलाचं व्याख्यान, आणि बाहेर हा गोंगाट.

"दार," ते म्हणाले.

साळुंकी मॅडम लगबगीनं उठल्या. त्यांनी जाड सागवानी दार आतून नीट लावून घेतलं आणि आडणा घातला. मग जांभी कितीही ओरडली तरी आत काही ऐकू गेलं नाही. बाहेरही काही ऐकू आलं नाही, कारण दार खरोखरच चांगलं होतं. जांभी घसा बसेपर्यंत ओरडत राहिली आणि मावशी तिच्या शेजारी उभी राहिली.

दार दुसऱ्या दिवशी उघडलं. बिबटेराव मिशा पुसत एकटेच बाहेर आले.

केंद्र बंद पडलं असं तुम्हांला वाटलं असेल, तर तुम्ही अजून लहान आहात. केंद्र उत्तम चाललं आहे. बिबटेराव आता त्याचे संचालक आहेत. त्यांच्याइतका प्रत्यक्ष अनुभव दुसऱ्या कुणाकडे उरलेला नाही. मोठ्या दालनाला त्यांनी धनेश सरांचं नाव दिलं, आणि ते देताना त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू आहेत. रांग मोठी आहे. उतारावर एक भेकरी उभी राहून रोज ओरडते, तिच्याकडे लक्ष देऊ नका, असं प्रवेशाच्या वेळीच सांगितलं जातं.

तात्पर्य: मुलांनो, संकट दिसलं की ओरडू नये. आधी त्याचा नीट अभ्यास करावा, आणि अभ्यासाला बसताना दार लावून घ्यावं. जे ओरडतात, ते नुसतेच जगतात. दालनाला नाव अभ्यास करणाऱ्यांचं लागतं.